लवूच्या नावावरचं लिखाण

खोलीत मशीन एकच होतं, पण त्याला धरून वस्तू अकरा होत्या. एक मॉनिटर, मागे पोट सुटलेला, एक कीबोर्ड, ज्याची एक कळ दाबली की वर यायला वेळ घ्यायची, एक माऊस, ऐंशी जीबीची एक डिस्क आणि एक जीबी मेमरी. या शेवटच्या दोन वस्तू डोळ्यांना दिसत नसत, तरी मी त्या मोजत असे, कारण जे काही घडायचं ते त्या दोघींच्या मध्येच. मग एक यूपीएस, एक मोडेम, एक टेबलफॅन, ज्याचं तोंड माझ्याकडे नसून मशीनकडे असायचं. एक लाकडी खुर्ची, तिच्यावर एक उशी, आणि पाण्याचा एक तांब्या. मॉनिटरवर तीन ओळी होत्या: मूळ गट, धाकू, लवू. प्रत्येक ओळीत दोन आकडे, एक वाचनाचा, एक लेखनाचा. एकूण सहा. त्यातले चार जिथं असायला हवे होते तिथं होते. धाकूनं दोनशे मेगाबाइट लिहिले होते आणि त्याच्या नावावर लागले होते फक्त नऊ. लवूनं काहीही लिहिलं नव्हतं, त्याच्या नावावर एकशे एक्क्याण्णव.

मी तो आकडा बोटानं पुसून पाहिला. काचेवरची धूळ तेवढी गेली. पहिल्यांदा वाटली ती भीती, पण तिच्या पाठोपाठ, जवळजवळ तिला ढकलतच, दुसरं काहीतरी आलं. लहानपणी भरती ओसरल्यावर कातळातल्या खळग्यात हात घातला आणि आत काहीतरी हललं तर वाटायचं तसं. हात काढावासाही वाटायचा आणि मुळीच काढावासा वाटायचा नाही.

धाकू आणि लवू ही नावं मीच दिली होती. गुहागरला मामाकडे सुपारी उतरवायला दोघे भाऊ यायचे. धाकू झपाट्यानं झाडावर चढायचा आणि खाली घोसांचा पाऊस पाडायचा. लवू खाली बसून एकेक सुपारी उचलायचा, सगळ्या बाजूंनी बघायचा आणि होती तिथंच ठेवायचा. मामी म्हणायची, "ह्याला काय सुपारी वाचायला येते की काय?" म्हणून लिहिणाऱ्या गटाचं नाव धाकू आणि वाचणाऱ्याचं लवू. मशीनवर एका वेळी पुष्कळ कामं चालतात, त्यांचे असे गट पाडता येतात; कुठल्याच गटात न घातलेली मशीनची स्वतःची कामं मूळ गटात राहतात. कुठल्या गटानं डिस्कवरून किती वाचलं आणि डिस्कवर किती लिहिलं हे नेमकं मोजलं जावं, अशी एक दुरुस्ती, म्हणजे पॅच, बंगळूरच्या काही लोकांनी केली होती. त्यांच्यातला सलिल मूळचा संगमेश्वरचा. इंटरनेटवरच्या एका चर्चेत माझा प्रश्न वाचून त्यानं परस्पर मराठीत उत्तर पाठवलं होतं. पॅच माझ्या मशीनवर चालवायचा, मोजमाप पाठवायचं. सोमवारी त्यांच्या वरिष्ठांची बैठक होती. पॅच बरोबर मोजतो असं दिसलं तर पुढच्या वर्षभराच्या चाचण्या निघणार होत्या, आणि निघाल्या तर त्या मी करणार होते, इथं, रत्नागिरीत, या खुर्चीवर. नाही निघाल्या तर पुण्याच्या कंपनीचं पत्र आलेलंच होतं. दोन नोव्हेंबर २००९ ला रुजू व्हायचं. तिथं मी बिलांचे फॉर्म बरोबर उघडतात की नाही ते बघणार होते.

"काय गो, जेवायला येतेस की तिथंच पान मांडू?" आईनं जिन्याखालून हाक मारली.

"लवूच्या नावावर एकशे एक्क्याण्णव लागलेत!"

"लागू देत. आमटी निवते आहे."

जेवताना मी ताटाकडे बघत होते. ताटाच्या कडेवर बाबांचं नाव कोरलेलं, खाली सन. माझ्या भावाच्या, अनिशच्या ताटावर त्याचं, माझ्या वाटीवर माझं नाव आणि त्याच्या मुंजीची तारीख, कारण अनिशच्या मुंजीत मी रुसले होते आणि आत्यानं माझ्याही नावाची वाटी आणली होती. सलिलचा पॅच काय करतो हे बाबांना मी याच ताटांवरून समजावलं होतं. प्रोग्रॅम लिहितो तेव्हा ते लगेच डिस्कवर जात नाही. ते मेमरीत पडून राहतं, उष्ट्या भांड्यांसारखं. मग सगळ्यांचं झालं की मशीनमधलं एक घरकाम करणारं काम उठतं आणि सगळी भांडी एकदम घासून मांडणीवर लावतं. जुन्या पद्धतीत विचारलं, की भांडी किती पडली, कोणाची, तर मशीन म्हणायचं, सगळी आईची. कारण घासताना तीच दिसली. पॅचनं काय केलं, तर जेवायला बसतानाच ताटावर नाव घातलं. आता घासो कोणीही, नाव वाचायचं आणि ज्याचं त्याच्याकडे मोजायचं. बाबा म्हणाले होते, "म्हणजे बेंगलोरच्या पोरांना आत्ता कळलं?" कोर्टात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, कोणी काहीही नवीन सांगितलं की त्यांना तो जुनाच खटला वाटायचा.

वाचनाची गोष्ट वेगळी होती, आणि ती मला जास्त आवडायची. सकाळी न्हाणीघरातला बंब जो पहिला उठेल तो पेटवणार. राख काढणार, नारळाची सोडणं घालणार, धुरानं डोळे चोळणार. नंतर उठणाऱ्याला नुसता नळ सोडायचा, पाणी कढत. मशीनचंही तसंच: फाइल जो पहिल्यांदा वाचतो त्याच्यासाठी डिस्क फिरते, दुसऱ्याला ती मेमरीतूनच मिळते, त्याच्या नावावर शून्य. म्हणून प्रत्येक चाचणीआधी मी मेमरी रिकामी करायची, म्हणजे बंब थंड करायचा. हे मी विसरले नव्हते. लवूचं वाचन दोनशे, नीट, बरोबर. चूक वाचनात नव्हतीच. ज्यानं आयुष्यात एक भांडं उष्टं केलं नाही त्याच्यापुढे ही ताटांची चळत कुठून आली?

"पुण्याला सगळं स्टीलचं नेऊ नकोस," आई म्हणाली, "होस्टेलात जातं चोरीला." तिच्या डोक्यात मी गेलेलीच होते, मेतकुटाचा डबा भरून झाला होता. बाबा पानावरून उठताना म्हणाले, "सोमवारपर्यंत खेळ. मग पोस्टात टाक ते होकाराचं पत्र." ते रागानं म्हणाले नव्हते. त्यांनी खेळ हा शब्द वापरला याचा मला राग यायला हवा होता, पण मला वाटलं, बरोबरच आहे, खेळच तर आहे. दुपारी चाचणी पुन्हा चालवली. लवू, एकशे अठ्ठ्याऐंशी. आकडा हलला, पण ओळ सोडली नाही. चुकीलाही वळण असतं, आणि वळण असलेली चूक ही एका अर्थानं विश्वासू असते. तिच्यावर अवलंबून राहता येतं.

शनिवारी सकाळी नेहमीच्या वेळी दिवे गेले. भारनियमनाची वेळ सगळ्या गल्लीला पाठ होती. तरी दिवे गेले की प्रत्येक घरातून एक ‘गेले’ निघायचाच. पंखा थांबला, त्याची पाती आधी दिसेनाशी होती ती दिसू लागली. शेजारचा पंप थांबला. कोणाच्या तरी मिक्सरमधलं वाटण अर्धवट राहिलं. यूपीएस ओरडायला लागला, त्याचं बटण दाबून त्याला गप्प केलं. आणि मग अशी शांतता झाली की नारळाचं झाप भिंतीला घासतं तेही ऐकू यावं. मी काहीही चालवलेलं नव्हतं. धाकू रिकामा, लवूच्या खिडकीत नुसता कर्सर लुकलुकत होता. आणि मशीन म्हणालं: कर्र... कट्.

मी वळून पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा. कर्र... कट्. हा आवाज नवा नव्हता. मी तो किती महिने ऐकत होते कोण जाणे. मांडवीला राहणाऱ्याला समुद्र ऐकू येत नाही तसा तो मला ऐकू येत नव्हता. मी तो मशीनचा श्वास समजत होते. पण श्वास इतका नेमका नसतो. मनगट धरून नाडीवर मोजलं, मग घड्याळावर. दर दहा सेकंदांनी. डिस्क आपण होऊन असं करत नाही. तिला कोणीतरी सांगत होतं. मला एकदम हसू आलं, एकटीलाच, कारण कोण सांगतंय ते सापडण्याआधीच मला ठाऊक झालं की ते सापडणार. यूपीएस बारा मिनिटं चालायचा. चालू असलेल्या कामांची यादी काढली, खालून वर वाचत गेले, आणि लवूच्या गटात, माझ्या रिकाम्या खिडकीच्या शेजारी, एक इवलंसं काम बसलेलं होतं. दहा सेकंद झोपायचं, उठून ‘सिंक’ म्हणायचं, पुन्हा झोपायचं. सिंक म्हणजे मेमरीत जे काही पडलंय, कोणाचंही असो, ते आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव. नवी खिडकी उघडली की मशीन आधी एक छोटी फाइल वाचतं. तिच्यात खाली एक ओळ होती, आधीचं सिंक बंद कर आणि नवं सुरू कर. म्हणजे शेवटची उघडलेली खिडकी ज्या गटात, त्याच्या गळ्यात ते काम. मी लवूची खिडकी शेवटी उघडत होते. ही ओळ मी लिहिलेली नव्हती.

अनिश अलोऱ्याला होता, वीजप्रकल्पाच्या कॉलनीत, एका ठेकेदाराकडे. फोन उचलल्याउचलल्या म्हणाला, "दिवे गेले वाटतं? त्याशिवाय तुला भावाची आठवण नाही यायची."

"तू विजेच्या माहेरी राहतोस, तुला काय. माझ्या लॉगिनच्या फाइलीत ती सिंकची ओळ तू टाकलीस?"

"हो. का, मोडलं काही?"

"कधी?"

"तुझं ते भरतीओहोटीचं गणित गेलं होतं बघ. एमएस्सीचं. सहा तास चाललेलं, आणि पाच मिनिटं राहिली असताना दिवे गेले. तू भाट्याला जाऊन वाळूत बसली होतीस. रडतेयस का म्हणून विचारायला गेलो तर म्हणालीस, वारा आहे."

"वाराच होता."

"होता ना. मग त्या वाऱ्यासाठी ओळ टाकली. म्हटलं पुन्हा दिवे गेले तर जास्तीत जास्त दहा सेकंदांचं जाईल. भागे, खरं सांग, काय मोडलं?"

मी त्याला सांगितलं की त्याच्यामुळे धाकूची भांडी लवू घासतोय. तो म्हणाला, "कोण लवू? मामाकडचा? अगं तो भांडी घासेल तर शपथ!" आणि तिकडे हसता हसता त्याला ठसका लागला. मी फोन ठेवला तरी खोलीत ते हसणं थोडा वेळ राहिलं. दोन वर्षं, मी झोपलेली असताना, जेवताना, काही लिहीत नसतानाही, दर दहा सेकंदांनी माझा भाऊ माझं सगळं जपून ठेवत होता, आणि मी त्याला मशीनचा श्वास समजत होते. वाळूतली ती संध्याकाळ मला आठवत होती ती फक्त वाऱ्यासकट. त्यात तो माझ्या मागे उभा होता, चपला हातात घेऊन, हे आत्ता दिसलं. स्मृतीतसुद्धा नोंद कोणाच्या नावावर लागते याचा काही नेम नाही.

दिवे आल्यावर ती ओळ काढून टाकली आणि चाचणी चालवली. धाकू, लेखन दोनशे. लवू, शून्य. पुन्हा चालवली, तेच. तिसऱ्यांदा, तेच. बाबा चहाचा कप घेऊन दारात उभे होते. त्यांना आकडे वाचता येत होते.

"जमलं की! पाठव मग."

"जमलं नाही अजून."

"दोनशे तिथं दोनशे, शून्य तिथं शून्य. आणखी काय जमायचं राहिलं?"

 खरंच, पाठवायला हरकत काय होती? मशीन स्वच्छ, आकडे स्वच्छ. सोमवारी बैठक, मंगळवारी सलिलचा फोन, मेतकुटाचा डबा पुन्हा फडताळात. ती ओळ म्हणजे आमच्या घरचा मामला; तिचा बंगळूरशी काय संबंध? मी पत्र लिहायला घेतलं आणि तीन ओळींनंतर थांबले. कारण पॅचचं म्हणणं होतं, घासो कोणीही, नाव ताटावरचं वाचू. कोणीही. मग लवूनं घासली तेव्हा ते नाव का वाचलं गेलं नाही? मशीनमधलं घरकामाचं काम घासायचं तेव्हा नाव वाचलं जात होतं. दुसऱ्या गटातलं कोणी आपण होऊन मोरीत उतरलं की मशीन पुन्हा जुन्या सवयीनं त्यालाच धरत होतं. माझ्या मशीनवर चूक नव्हती. चूक पॅचमध्ये होती, आणि मी तिच्यावरचं झाकण आत्ताच व्यवस्थित लावून ठेवलं होतं. हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं. बैठकीच्या दोन दिवस आधी पॅच चुकतो म्हणून सांगणं म्हणजे स्वतःच्या हातानं पुण्याचं तिकीट काढणं. पण मनात उलट एक विलक्षण हलकेपणा आला. आकडा मला फसवत नव्हता. पहिल्या क्षणापासून तो जे होतं तेच सांगत होता, आणि मी ते शेवटी ऐकलं होतं. रत्नागिरीत राहायचं ते कशासाठी, तर असं काही ऐकू यावं म्हणून. मग ते न ऐकल्यासारखं करून इथं राहण्यात काय अर्थ?

"बाबा, यात एक खोट आहे. ती त्यांना सांगायला हवी."

"आणि सांगितल्यावर ते काम देणार नाहीत."

"नाही दिलं तर पुणं आहेच."

बाबांनी कपात पाहिलं. मग म्हणाले, "आम्ही कोर्टात हेच बघितलं. ज्याला उलटतपासणीची भीती नाही तोच साक्षीदार खरा." आणि लगेच, कौतुक फार झालं असं वाटून, "पंखा स्वतःकडे फिरव जरा. मशीनला घाम येत नाही."

दोन्ही तक्ते पाठवले, ओळीसकट आणि ओळीशिवाय. ती ओळ कशी घालायची, खिडक्या कुठल्या क्रमानं उघडायच्या, तेही लिहिलं. तासाभरात सलिलचा फोन आला.

"भार्गवी, हे दर दहा सेकंदांनी सिंक कोण मारतं?"

"आमच्याकडे मारतात. दिवे जातात."

 तो हसायला लागला. आधी नाकातून, मग मोकळेपणानं. "आम्ही सहाजण चार महिने यावर बसलोय. एकानंही सिंक मारलं नाही. तळघरात जनरेटर आहे ना आमच्या! संगमेश्वरला असतो तर पहिल्या दिवशी मारलं असतं मी. आईनं मला दिवे जातात म्हणून पाटीवरचं प्रत्येक गणित लगेच वहीत उतरवायला लावलंय."

"आता बैठकीचं काय?"

"खोटं कशाला सांगू, कठीण आहे. आज रात्री बसतो. उद्या दुपारी नवा पॅच पाठवतो. तुझ्या त्या ओळीसकट चालव. ओळ काढायची नाही. बरोबर आलं तर तोच तक्ता सोमवारी दाखवेन, आणि काम निघेल. नाही आलं तर..."

"तर पुणं."

"पुण्यात दिवे जातात का गं?"

"कमी."

"वाया जाशील," तो म्हणाला.

रविवारी दुपारी पॅच आला. तो घालून मशीन नव्यानं उभं करायला वेळ लागतो. त्या वेळात मी काही वाचलं नाही, कोणाशी बोलले नाही. खिडकीतून खालच्या परसात आई पावसाळ्यानंतर पुन्हा उन्हात घातलेली आमसुलं उलटी करत होती, एकेक, आणि प्रत्येक उलटताना तिची बोटं जांभळी होत होती. तिनं वर पाहिलं नाही, तरी तिला मी खिडकीत असल्याचं माहीत होतं, कारण थोड्या वेळानं ती कोणाला तरी उद्देशून म्हणाली, "यंदा चांगली वाळली." वाऱ्याला खाडीचा वास होता. मला वाटलं, काहीही आलं तरी मी आत्ता आहे तितकी आनंदात नंतर असेनच असं नाही, आणि हे वाटल्याबरोबर आणखीच आनंद झाला. तो मोजता येण्यासारखा नव्हता, म्हणून मी सोडून दिला.

मशीन उभं राहिलं. फाइलीत ओळ पुन्हा लिहिली, अनिशनं लिहिली होती तशीच. मेमरी रिकामी केली. आधी धाकू सुरू केला, मग लवूची खिडकी शेवटी उघडली. कर्र... कट् ऐकू आलं. यादीत पाहून खात्री केली की सिंक लवूच्याच गटात बसलंय. बाबा दारात होते, आईही वर आली होती, जांभळे हात लुगड्यापासून लांब धरून.

"झालं?"

"थांब."

दोन्ही कामं संपली. तीन ओळी आल्या. आकडे मेगाबाइटमध्ये, त्याच क्रमानं, तीन वेळा चालवून तिन्ही वेळा तेच:

मूळ गट: वाचन ०, लेखन २.
धाकू: वाचन ०, लेखन २००.
लवू: वाचन २००, लेखन ०.